आमच्या फोटोचा सातबारा कुणाच्या नावावर?



सातबारा म्हटलं की आपल्या पाड्यावरचं लहान पोरगंही कान टवकारतं. कब्जेदार कोण, इतर हक्कात कोणाचं नाव, पीकपाण्याला काय लागलंय, हे बघायला आपण तलाठी ऑफिसात किती चपला झिजवल्या ते आपल्यालाच माहीत. पण आपला आणखी एक सातबारा आहे आणि तो तलाठ्याकडे नाही. तो विद्यापीठांच्या ग्रंथालयांत, कॉम्प्युटरमध्ये आहे. आदिवासींचे, त्यांच्या घरांचे, शेताखळ्यांचे, देवांचे, सोंगांचे फोटो तिथे ठेवलेत. जुन्या अल्बममधून, निगेटिव्हवरून, प्रबंधांच्या पानांतून स्कॅन करून ठेवलेत. प्रत्येक फोटोला नंबर आहे, प्रत्येकाची नोंद आहे. त्या नोंदीत कब्जेदार म्हणून बहुतेक वेळा दुसऱ्याचं नाव आहे, आणि फोटोतल्या माणसाच्या नावाची जागा कोरी आहे.

आमचं म्हणणं सरळ आहे. ज्या फोटोत आपली माणसं आणि आपली जमीन आहे त्याच्या नोंदीत गाव आणि साल लागलं पाहिजे, माणसाची हरकत नसेल तर त्याचं नावही लागलं पाहिजे. त्याची प्रत ग्रामसभेला मिळाली पाहिजे. आणि तो फोटो प्रदर्शनात लावायचा की नाही, हे ठरवताना आपल्याला विचारलं पाहिजे. कोणी म्हणेल, पट्टे मिळेनात आणि हे फोटोचं काय काढलंत? साथींनो, हा पट्ट्याचाच प्रश्न आहे. कसा, ते सांगतो.

नोंद कशी होते

ग्रंथालयात जुना फोटो आला की आधी त्याची मोठी स्कॅन करतात. ही मोठी फाइल म्हणजे कणगीतलं बियाणं. तिला रोज हात लावत नाहीत, दोन-तीन जागी जपून ठेवतात. तिच्यावरून छोटी फाइल काढतात. ती लोकांना दाखवायची, वेबसाइटवर लावायची, मोठी करून प्रदर्शनात टांगायची. इथपर्यंत काम चांगलंच आहे. घरात फोटो ठेवला तर चुलीचा धूर लागतो, उधई लागते, पावसाळ्यात बुरशी चढते. ग्रंथालयवाल्यांनी जपलं म्हणून कितीतरी गोष्टी वाचल्या, हे आम्ही नाकारत नाही.

पण स्कॅन झाली की फोटोची नोंद लिहितात, आणि गोम तिथेच आहे. कॉम्प्युटर फोटो बघून काही शोधत नाही, तो नोंदीतले शब्द शोधतो. नोंदीत "आदिवासी स्त्री, भारत" एवढंच लिहिलं असेल, तर पेठ किंवा सुरगाणा शब्द टाकून बसलेल्या माणसाला तो फोटो सापडत नाही. फोटो आहे, पण आपल्यासाठी नसल्यासारखा.

जगभरची ग्रंथालयं नोंदीसाठी जे नमुने वापरतात त्यातला एक फार चालतो. तो १९९५ साली अमेरिकेतल्या डब्लिन नावाच्या गावी ठरला, म्हणून त्याला 'डब्लिन कोअर' म्हणतात. त्यात पंधरा रकाने आहेत. कर्त्याचा रकाना आहे, तिथे फोटो काढणारा. प्रकाशकाचा आहे, हातभार लावणाऱ्याचा आहे, तारखेचा आहे, जागेचा आहे, हक्कांचाही आहे. फोटोत जो उभा आहे त्याला स्वतःचा रकाना नाही. त्याला 'विषय' या रकान्यात टाकतात. ज्याने दोन मिनिटं कॅमेरा धरला तो कर्ता, आणि ज्याने हयातभर ती जमीन कसली तो विषय!

कायदाही तसाच. आपल्या देशात १९५७चा कॉपीराइट कायदा चालतो. त्यात फोटोचा हक्क फोटोतल्या माणसाला मिळत नाही. तो काढणाऱ्याला मिळतो किंवा ज्याने पैसे देऊन काढवून घेतला त्याला. फोटो काढणाऱ्याच्या हयातभर आणि तो वारल्यावर साठ वर्षं तो हक्क चालतो. कसणारा एक आणि कब्जेदार दुसरा, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

कापून चिकटवलेली माणसं

याची सुरुवात जुनी आहे. विल्यम जॉन्सन नावाचा एक इंग्रज मुंबईत सरकारी नोकरीत होता, मग फोटोग्राफर झाला. १८६३ आणि १८६६ साली त्याने मुंबईतल्या जाती-जमातींच्या फोटोंच्या पुस्तकाचे दोन भाग लंडनला काढले. त्यातले बरेच फोटो जोडकामाचे आहेत. माणसं एका फोटोतली आणि मागचा देखावा दुसऱ्याच फोटोतला. माणसं कापायची आणि दुसऱ्या जागेवर चिकटवायची. त्या काळी ती कारागिरी समजली जात होती. आम्हाला त्यात आपलीच गोष्ट दिसते. माणूस ठेवला, त्याच्या पायाखालची जमीन बदलली.

पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले. साडेचारशेहून जास्त फोटो, आणि प्रत्येकाबरोबर त्या जाती-जमातीवर मजकूर. १८५७चा उठाव होऊन गेला होता. कोण कसा आहे, कोण इमानी आणि कोण धोक्याचा, हे साहेबाला कळायला हवं होतं. फोटोतल्या कितीतरी माणसांना नावच नाही, नुसती जमात आहे.

आता त्याच वर्षांत दुसरीकडे काय चाललं होतं ते बघा. १८६५ साली पहिला जंगल कायदा आला. १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आला. १८७८ साली दुसरा जंगल कायदा आला आणि राखीव जंगलांच्या हद्दी पडल्या. एका हाताने फोटो काढला, दुसऱ्या हाताने जंगल काढून घेतलं. फोटोखाली गावाचं आणि माणसाचं नाव लिहिलं असतं तर उद्या कोणी विचारलं असतं, की हा माणूस इथे राहत होता, मग हे जंगल सरकारचं कसं?

जॉन्सनच्या फोटोंचे अल्बम आज अमेरिकेत डॅलस शहरातल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. त्यांनी ते स्कॅन करून सगळ्यांना बघायला खुले केले, ही चांगली गोष्ट केली. आता मुंबई-नाशिकची पोरं मोबाइलवर ते बघू शकतात. पण दीडशे वर्षांपूर्वी नोंदीत जे लिहिलं नाही ते स्कॅन केल्याने उगवत नाही.

आपल्या दाव्याला फोटो लागतो

वनहक्क कायदा २००६चा, नियम २००८चे. त्यातला नियम १३ आपल्या प्रत्येक वनहक्क समितीच्या सदस्याला पाठ पाहिजे. पुरावा म्हणून काय काय चालतं याची ती यादी आहे. गॅझेटियर, जनगणना, जुने नकाशे चालतात. घर, झोपडी, बांध, जमिनीची सपाटी या खुणा चालतात. विहीर, स्मशान, देवाची जागा चालते. वंशावळ चालते. गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब चालतो. आणि त्याच यादीत लिहिलंय, की नामांकित संस्थांनी केलेला अभ्यास आणि रूढी-परंपरांचं दस्तावेजीकरणही चालतं.

म्हणजे विद्यापीठाच्या ग्रंथालयात पडलेला जुना प्रबंध आणि त्यात चिकटवलेले फोटो हा आपला पुरावा होऊ शकतो. समजा १९८० किंवा १९९० साली एखादा विद्यार्थी सुरगाण्याच्या पाड्यावर राहिला. त्याने खळ्याचा फोटो काढला. मागे बांध दिसतोय, आंब्याचं झाड दिसतंय, नागलीचं शेत दिसतंय. खाली गावाचं नाव आणि साल लिहिलंय. आपल्याला १३ डिसेंबर २००५च्या आधीचा ताबा दाखवायचाय. याहून बोलका कागद कोणता? पण खाली नुसतं "आदिवासी शेती" लिहिलं असेल तर तोच फोटो भिंतीवरच्या कॅलेंडरइतक्या किमतीचा.

आपल्याला कोणत्या पुराव्याने झुलवतात ते आठवा. उपग्रहाचा फोटो दाखवतात आणि म्हणतात, इथे तर झाडी दिसते, शेती दिसत नाही. वरून काढलेल्या फोटोत माळ्यावरची वरई आणि झाडाखालची खाचरं दिसतील का? २०१२ साली नियम सुधारले, त्यात लिहिलंय की उपग्रहाचा फोटो बाकीच्या पुराव्याला जोड म्हणून चालेल, बाकीच्या पुराव्याच्या जागी चालणार नाही. तरीही साहेब लोकांचा भरवसा वरच्या फोटोवर. मग आपण जमिनीवरून काढलेला फोटो समोर ठेवला पाहिजे, गावाच्या नावासकट आणि सालासकट.

नोंद नीट असली तर काय होतं, त्याचं उदाहरण शेजारच्या आदिलाबादचं घ्या. १९४० साली जोडेघाटला कोमरम भीम लढता लढता मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ नावाच्या अभ्यासकाला गोंडांची हालत बघायला सांगितलं. त्याने गावोगाव फिरून अहवाल लिहिले, डायऱ्या लिहिल्या, फोटो काढले. त्या कामानंतर गोंडांना जमिनीचे पट्टे मिळाले. पट्टे फोटोमुळे मिळाले नाहीत, लढ्यामुळे मिळाले. पण कुठल्या गावात कोण राहतं, कोणाची जमीन कोणी लाटली, हे लिहून ठेवलेलं होतं म्हणून लढ्याचं सांगणं कागदावर टिकलं. ते फोटो आज लंडनच्या 'सोआस' विद्यापीठाच्या संग्रहात आहेत आणि कॉम्प्युटरवर बघता येतात. आमचा सवाल एवढाच, की लंडनमध्ये आहेत ते आदिलाबादच्या गोंड ग्रामसभांच्या कपाटात का नसावेत?

देव भिंतीवर कोणी टांगायचे?

दुसरी गोष्ट प्रदर्शनाची. मार्गशीर्षात आपल्याकडे डोंगऱ्यादेव बसतो. पावरी वाजते, व्रत धरलेली माणसं नेम पाळतात, कोणी कुठपर्यंत यायचं याच्या रीती आहेत. अलीकडे कॅमेरे येतात. कॉलेजची मुलं येतात, अभ्यासक येतात. बरेच जण नीट वागतात, विचारून काढतात. काही जण अंगात आलेल्या माणसाच्या तोंडासमोर फ्लॅश मारतात. ती पोरं जातात, फोटो राहतात. मग एखाद्या शहरात, थंड हवेच्या खोलीत, तोच माणूस मोठा करून भिंतीवर लागतो. बोहाड्याच्या सोंगांचंही तेच. मुखवटा एकटाच काचेत, आणि तो ज्याने डोक्यावर घेऊन रात्रभर नाचवला तो कोण, त्याच्या घरात ते सोंग किती पिढ्यांचं आहे, याचा पत्ता नाही.

इथे कायदा आपल्या बाजूने बोलतो. वनहक्क कायद्याच्या कलम ३(१) मध्ये जैवविविधता आणि सांस्कृतिक विविधता यांच्याशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्क मान्य केलाय. १९९६च्या पेसा कायद्याच्या कलम ४ मध्ये लिहिलंय, की लोकांच्या रूढी, परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपायला ग्रामसभा सक्षम आहे. पेठ, सुरगाणा, कळवण आणि दिंडोरीतली अनुसूचित गावं या सगळ्यांना हे लागू आहे. जपायचा अधिकार ग्रामसभेचा असेल तर ग्रामसभेला न विचारता देव भिंतीवर कसा जातो?

ते म्हणतात, आम्ही म्हणतो

ते म्हणतात, ज्ञान सगळ्यांना खुलं पाहिजे. आम्ही म्हणतो, बरोबर, पण सगळ्यांत आम्ही येतो का? नोंद इंग्रजीत, आत जायला पासवर्ड, आणि आमच्या पाड्यावर रेंज यायला झाडावर चढावं लागतं. जो फोटो अमेरिकेत खुला आणि ज्या गावचा त्या गावात बंद, त्याला खुला म्हणायचं का?

ते म्हणतात, जुन्या माणसांची नावं आता कुठून आणायची? आम्ही म्हणतो, इथून आणा. वणीच्या बाजाराला आलेल्या चार म्हाताऱ्यांना फोटो दाखवा. नाकावरून घराणं सांगतील, लुगड्याच्या नेसण्यावरून जमात सांगतील, मागच्या डोंगराच्या शेंड्यावरून गाव सांगतील. असा मेटाडेटा कुठल्या सर्व्हरवर नाही.

ते म्हणतात, तुमच्याकडे दिले तर खराब होतील. आम्ही म्हणतो, मूळ फोटो तुम्ही जपा, आमची तक्रार नाही. प्रत द्या आणि निर्णयात जागा द्या. प्रत दिल्याने मूळ फोटो झिजत नाही.

आणि हे काही आम्ही आकाशातून मागत नाही. दुसरीकडे झालंय. ऑस्ट्रेलियात टेनंट क्रीकला वारुमुंगू नावाचे आदिवासी आहेत. त्यांच्या सांगण्यावरून 'मुकुर्तू' नावाची फोटो ठेवायची व्यवस्था तयार झाली. मुकुर्तू म्हणजे मोलाच्या वस्तू ठेवायची त्यांची पिशवी. त्यात कोणता फोटो कोणी बघायचा हे त्यांच्या रीतीप्रमाणे ठरतं. काही फोटो त्या घराण्यानेच बघायचे, काही बायकांनीच, माणूस वारला तर त्याचा फोटो झाकायचा. अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाने तीच व्यवस्था वाढवली. तिथल्या आदिवासी जमातींबरोबर त्यांनी जो संग्रह केलाय, त्यात एकाच फोटोला विद्यापीठाची नोंद वेगळी आणि जमातीची नोंद वेगळी, दोन्ही शेजारी-शेजारी. मुकुर्तू फुकट मिळतं. म्हणजे पैशाचं कारण सांगता येणार नाही.

जिथे विचारलं नाही तिथे काय झालं, तेही ऐका. १८५० साली अमेरिकेत रेंटी नावाच्या गुलाम माणसाचे आणि त्याची मुलगी डेलिया हिचे कपडे उतरवून फोटो काढले. काळी माणसं हलक्या प्रतीची, हे हार्वर्ड विद्यापीठाच्या एका प्राध्यापकाला दाखवायचं होतं. ते फोटो हार्वर्डकडे राहिले. तामारा लेनियर या बाईंनी, आपण रेंटीच्या वंशातल्या आहोत असं सांगून २०१९ साली दावा लावला. २०२२ साली तिथल्या राज्याच्या वरच्या कोर्टाने म्हटलं, की फोटोची मालकी फोटोतल्या माणसाच्या वारसाला मिळत नाही, पण विद्यापीठाने दिलेल्या मनस्तापाबद्दल दावा चालवता येईल. शेवटी मे २०२५ मध्ये तडजोड झाली आणि हार्वर्डने ते फोटो सोडायचं कबूल केलं. पावणेदोनशे वर्षं लागली. कायद्यात हक्क नव्हता, तरी बाई हटली नाही. हटून बसणं काय असतं ते आपल्याला कोणी शिकवायला नको.

एक धोकाही ध्यानात ठेवा

गाव, नाव, साल लिहा म्हणताना आम्ही डोळे मिटून बोलत नाही. नाव-गावासकट फोटो फॉरेस्टच्या हातात गेला तर काय होईल? लाकडाची मोळी डोक्यावर असलेली बाई, जाळं घेतलेला माणूस, राबासाठी पाला तोडणारा पोरगा. आपल्याला जे रोजचं जगणं, त्यावर तिकडे गुन्ह्याची केस उभी राहू शकते. औषधी झाडाची नेमकी जागा फोटोवरून कळली तर व्यापारी महिन्यात झाड खोडापर्यंत सोलून नेईल. म्हणून कोणती नोंद सगळ्यांना दिसेल आणि कोणती फक्त गावाला दिसेल, हे ग्रामसभा ठरवेल. नाव लिहायचा हक्क आपला, तसा झाकायचा हक्कही आपलाच.

आता करायचं काय

२०१८च्या मार्चमध्ये आपण नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलो. फोड आलेल्या, सोललेल्या पायांचे फोटो जगभर गेले. २०१९ला परत निघालो, २०२३ला दिंडोरीहून परत निघालो. फोटो एका दिवसात दिल्ली-लंडनला पोचतो आणि दावा प्रांत ऑफिसातून पुढे सरकत नाही. फोटोने काम होतं या भ्रमात राहू नका. पण आपला फोटो आपल्या कामाला लावायचा की दुसऱ्याच्या, एवढं तरी आपल्या हातात घ्या.

एक. आपल्या तालुक्यावर कोणाकोणाचे प्रबंध झालेत ते शोधा. 'शोधगंगा' नावाच्या वेबसाइटवर देशभरातले पीएचडीचे प्रबंध फुकट बघता येतात. शिकलेल्या पोरांना कामाला लावा. गावाचं नाव इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहून बघा.

दोन. सरकारी विद्यापीठाला माहिती अधिकार कायदा २००५ लागू आहे. दहा रुपयांचा स्टॅम्प लावा, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तोही लागत नाही. विचारा, की आमच्या तालुक्यातले किती फोटो तुमच्या संग्रहात आहेत, त्यांच्या नोंदीत काय लिहिलंय, आणि प्रत कशी मिळेल. तीस दिवसांत उत्तर आलं पाहिजे.

तीन. जुने फोटो मिळाले की म्हाताऱ्या माणसांना बसवून दाखवा आणि ते जे सांगतील ते तिथल्या तिथे लिहून अंगठा किंवा सही घ्या. दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्याचा लेखी जबाब हा नियम १३ प्रमाणे वेगळा पुरावा आहे. एका बैठकीत दोन कागद तयार होतात.

चार. आपल्या मोबाइलमधले फोटो सांभाळा. बांध, विहीर, झाड, देवाचं ठिकाण यांचे फोटो काढा, वहीत तारीख, गाव आणि कोणाची जमीन ते लिहा. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो बारीक होतो आणि आतली तारीख-जागेची माहिती पुसली जाते. म्हणून 'डॉक्युमेंट' करून पाठवा. एक प्रत समितीकडे, एक गावाबाहेरच्या साथीकडे ठेवा. कागदी फोटो असेल तर मागे पेन्सिलीने हळू लिहा, पेनाची शाई पुढे उतरते.

पाच. पुढच्या ग्रामसभेत खालचा ठराव घ्या. या बुलेटिनच्या स्टेन्सिलवर फोटो उठत नाही, पण ठराव उठतो.

"आजच्या ग्रामसभेत असे ठरले की, आमच्या गावातील माणसे, शेती, घरे, देवस्थाने व सण यांचे जे फोटो कोणत्याही विद्यापीठाच्या किंवा सरकारी संस्थेच्या ग्रंथालयात आहेत, त्यांची यादी व प्रती ग्रामसभेस द्याव्यात. त्यांच्या नोंदीत ग्रामसभा सांगेल ते गाव, साल व नाव लावावे, व ग्रामसभा सांगेल ते झाकावे. देवाचे व विधीचे फोटो ग्रामसभेच्या लेखी संमतीशिवाय प्रदर्शनात लावू नयेत. यापुढे फोटो काढणाऱ्या अभ्यासकाने काढलेल्या सर्व फोटोंची एक प्रत सहा महिन्यांत ग्रामसभेस द्यावी."

ठरावाची एक प्रत विद्यापीठाच्या कुलसचिवाला, एक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला, आणि एक आपल्या फायलीत. पोच घेतल्याशिवाय कागद सोडू नका.

जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव लावायला आपण पिढ्यान् पिढ्या भांडतोय. या दुसऱ्या सातबाऱ्यावरही नाव लावून घेऊ.

जिंदाबाद!

— वणी परिसरातले साथी